ठकी, ओढणी आणि पोस्ट बेसिक

एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली की समजायचं, घर जवळ आलं. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर डोकावणारी उसाची टोकं, आणि ड्रायव्हरनं लावलेलं गाणं बारामतीत वाजलं तर इंदापुरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बसमधले लोक कंडक्टरवर चिडतात, जणू त्यानंच ऊस लावलाय. मी मात्र खिडकीची काच सरकवते आणि डोकं बाहेर काढते. कारखान्याचा वास येतो, उकळत्या रसाचा गोड आणि त्याच्यामागून मळीचा आंबूस. हा वास ज्यांना आवडत नाही ते आमच्याकडचे नव्हेत, आणि ज्यांना आवडतो तेही नव्हेत. आमच्याकडच्यांना तो येतच नाही. मला तो हल्ली यायला लागलाय. पुण्यात राहिल्याचा हा एक तोटा.

हंगाम काय, दरवर्षीच येतो. धुराडं पेटतं, माळावर तोडणी टोळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, सकाळी बैलगाड्यांची घुंगरं वाजतात आणि गोठ्यागोठ्यात हिरव्यागार वाढ्यांचे ढीग पडतात. वाढं म्हणजे उसाचा वरचा शेंडा, तोडणीच्या दिवसांत जनावरांची दिवाळी. पण मला गळीत हंगाम म्हटलं की एकच आठवतो, माझ्या डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाचा. मी बारामतीला जीएनएमला होते, नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. कळंबच्या आमच्या वस्तीवरून एसटीनं रोजची ये-जा. आणि त्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. डिप्लोमावर थांबायचं नाही, पुण्याला जाऊन पोस्ट बेसिक करायचं, म्हणजे आणखी दोन वर्षांत बीएस्सीची डिग्री घ्यायची. पोरींच्या वाटेत काय काय आडवं येतं, कुणाच्या लग्न, कुणाच्या सासू, कुणाच्या भावकी. माझ्या वाटेत एक गाय उभी होती.

ठकी ही आमच्या गोठ्यातली काळीपांढरी जर्शी. ती जन्मली त्याच आठवड्यात तिची आई गेली. मी नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, म्हणून बाटलीनं दूध पाजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाटली संपली तरी ही चोखतच राहायची. मग माझी बोटं चोखायची, मग माझ्या पिवळ्या ओढणीचं टोक. "लबाड हाय, ठकी हाय नुसती," आई म्हणाली, आणि तेच नाव चिकटलं.

पुढं माझं कॉलेज सुरू झालं आणि ठकीचंही. घरात पाठांतराला जागा नव्हती असं नाही, पण घरात मी मोठ्यानं वाचायला लागले की आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. म्हणून मी गोठ्यात जायचे. ठकीला खरारा करत करत मी ॲनाटॉमी पाठ केली. ह्युमरस, रेडियस, अल्ना. फीमर, टिबिया, फिब्युला. ती कान हलवून ऐकायची आणि मी चुकले तरी काही बोलायची नाही, अशी श्रोती मला पुन्हा भेटली नाही. शेजारी तात्या, म्हणजे माझे वडील, विळ्यानं वाढं तोडत बसलेले असायचे. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. ते ऐकतायत असं मला कधी वाटलं नाही.

ह्या गोठ्यानं माझी एकदा पुरती शोभा केली. पहिल्या वर्षी वॉर्डात इंजेक्शन द्यायची माझी पहिलीच पाळी होती. पेशंट म्हणजे सत्तरीचे एक आबा, कुशीवर झोपलेले. आमच्या शिंदे मॅडम बाजूला उभ्या. मॅडमनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं, पण हाताला पाठ होतं ते वेगळंच. जनावरांचे डॉक्टर आमच्याकडं यायचे तेव्हा दावं धरायला मीच असायचे. ते गाईच्या पुठ्ठ्यावर दोन चापट्या मारायचे आणि तिसऱ्या चापटीला सुई आत. मी आबांच्या कमरेवर सणसणीत दोन चापट्या मारल्या आणि म्हणाले, "उभी ऱ्हा गं बाई, झालंच."

आबांनी मान वळवली. "आगं पोरी, मी झोपलोय की."

वॉर्ड हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "सुमन, घरी जनावरं किती?"

"पाच, मॅडम."

"आणि हे सहावं धरलंस का?"

मग आबाच एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. इंजेक्शन मी नंतर दिलं आणि बरं दिलं, आबा म्हणाले कळलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून मी मॅडमच्या लक्षात राहिले. नाव काढायचं तर लोक काय काय करतात, माझं दोन चापट्यांत झालं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ह्याच मॅडमनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "डिप्लोमावर थांबू नकोस. पोस्ट बेसिक कर. मग शिकवायला ये. चुका कशा होतात हे ज्यांना आतून माहीत आहे, अशा शिकवणाऱ्या आम्हाला हव्यात." मला शिकवायचं होतं हे तोवर मलाही माहीत नव्हतं. मॅडमनी म्हटलं आणि असं झालं की अरे, हेच की. इतकी वर्षं मी ठकीपुढं दुसरं काय करत होते?

त्या रात्री जेवताना मी घरात सांगितलं. तात्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "म्हंजी पुन्यांदा पयल्यापासनं?"

"न्हाई तात्या. डिप्लोमा धरतात. वरची दोनच वर्षं."

"मग खोडवा हाय की ह्यो," तात्या म्हणाले. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांना पुन्हा फुटून जे पीक येतं, त्याला आमच्याकडं खोडवा म्हणतात. "लागण न्हाय करायची, बुडखा तोच. पर खोडव्याकडं दुर्लक्ष न्हाय करायचं. लोकं खत घालत न्हाईत आन् मग उतारा पडला म्हनून बोंबलत्यात."

एवढ्यावर विषय मंजूर झाला असता. पण आई म्हणाली, "आन् ठकी?"

आणि विषय तिथंच अडला.

कारण असं की त्या दिवाळीच्या आधी ठकी पहिल्यांदा व्याली होती. गोठ्यातली सगळ्यांत दुधाळ गाय तीच निघाली, आणि सगळ्यांत नखरेल पण. माझ्याशिवाय कुणालाही ती पान्हा सोडेना. म्हणजे दूध कासेत असायचं, पण खाली उतरवायची नाही. आई बसली, तर बादली गोठ्याबाहेर गेली. तात्या बसले, तर तात्या गोठ्याबाहेर गेले. धारेचं मशीन लावून पाहिलं, तर तिनं ते लाथेनं असं भिरकावलं की कुत्रं दोन दिवस गोठ्याकडं फिरकलं नाही. मी बसले की मात्र साधुसंत. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि बादलीत धारांचा तो आवाज, आधी पत्र्यावर वाजणारा आणि मग फेसात बुडत जाणारा. त्या हंगामात माझ्या हातांवर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे कायम असायचे. सकाळी त्याच हातांनी धार काढायची आणि वॉर्डात गेल्यावर त्यावर स्पिरिट लावायचं. अजून स्पिरिटचा वास आला की माझ्या बोटांना आधी ठकी आठवते.

वर्गातली माझी मैत्रीण रेश्मा वडगाव निंबाळकरची. दुपारची ड्यूटी सुटली की आम्ही बारामतीच्या स्टँडवर बाकावर बसायचो, ती तिच्या गाडीची वाट बघत, मी माझ्या. शेंगा खात खात ती माझं पुढचं सगळं आखायची. रेश्माला स्वतःला पुढं शिकायचं नव्हतं, तिला नोकरी करायची होती, पण दुसऱ्याचं आखून द्यायची तिला भारी हौस. "आधी पहिल्या झटक्यात पास. मग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. ते हातात आलं की प्रवेश परीक्षा. मग हॉस्टेल," ती एकेक शेंग फोडत म्हणायची. शेवटी टरफलं झटकून म्हणायची, "तुझं सगळं जमलंय गं. नुसतं गाईचं घोडं अडलंय."

हसू यायचं तेव्हा. पण घरी गोष्ट हसण्यासारखी राहिली नव्हती. वेळेवर धार निघाली नाही तर कास दगडासारखी होते, गाय तापते, कासेचा एखादा सड कायमचा जातो. मी गेले तर ठकीचं हेच होणार होतं. शेजारच्या वस्तीवरच्या नानांनी पान्ह्याच्या इंजेक्शनचा उपाय सांगितला. ते औषध मी ओळखत होते. आमच्या लेबर रूममध्ये बाळंतिणीला देतात तेच, पण तिथं ते मोजून, नाडी बघून, गरज असेल तरच. इथं रोज दोन वेळा एका मुक्या जनावराला टोचायचं? मी काही बोलायच्या आत तात्याच म्हणाले, "आमच्या गोठ्यात न्हाय चालायचं त्ये." मला तात्यांचा अभिमान वाटला, पण प्रश्न होता तिथंच राहिला.

मग एका रविवारी तात्या म्हणाले, "इकू तिला. जाणाऱ्याच्या पायात दावं कशाला?"

"घेणाऱ्याकडं तरी धार देईल का ती? मारतील तिला."

तात्या दाव्याची गाठ तपासायला लागले. मी म्हणाले, "मग मी न्हाई जात. बारामतीत नोकरी करीन." आणि हे बोलताना मला रडू आलं, कारण मला जायचं होतं. फार जायचं होतं. त्या दिवसांत माझी शिकवायची इच्छा इतकी वाढली होती की मी एसटीत शेजारच्या बाईलाही हात कसे धुवावेत ते सांगायचे. तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बघू."

तात्यांच्या 'बघू'चे अर्थ अनेक. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'नाही' असतो.

जानेवारीत आमची जळोचीला पोस्टिंग लागली. घरोघर जायचं, गरोदर बायकांची वजनं घ्यायची, लहान पोरांच्या लसी तपासायच्या. सकाळी लवकर सुरू व्हायचं म्हणून मुक्काम तिथंच होता, एका शाळेच्या खोल्यांत. मी जायला तयार नव्हते. आई म्हणाली, "तू जा. हुतंय कसं तरी."

जळोची बारामतीला चिकटूनच. एका बाजूला नवे फ्लॅट, दुसऱ्या बाजूला उसाचे फड, आणि मधल्या एका घरात पहिलटकरीण, बाळाला दूध येत नाही म्हणून रडत बसलेली. तिच्याभोवती सासू, नणंद, चुलतसासू, शेजारीण, प्रत्येकीकडं एकेक सल्ला. शिंदे मॅडमनी सगळ्यांना चहा करायला बाहेर पाठवलं. एक चहा करायला चौघीजणी. मग बाळ तिच्या छातीशी दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसत्या बसून राहिल्या, तिच्या माहेरच्या शेताबद्दल विचारत. थोड्या वेळानं बाळाच्या घशातून घुटक घेतल्याचा आवाज आला. "दूध होतंच," मॅडम बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिला तेवढं निवांत वाटायला पाहिजे होतं." मला गोठा आठवला आणि मी फोन लावला.

"ठकी धार देते का?"

"देतीया," आई म्हणाली.

"कुणाला?"

"आगं, देतीया म्हनलं न्हवं? ठेव आता, दूध उतू चाललंय."

मला खरं तर बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. एवढी बाटलीनं वाढवलेली, एवढी हाडं ऐकवलेली, आणि चार दिवसांत दुसऱ्या कुणापुढं पान्हावली? माणसाचा स्वभाव बघा. वाट अडवली म्हणून रडायचं आणि मोकळी केली म्हणूनही.

पोस्टिंग ठरल्यापेक्षा एक दिवस आधी संपली. मी कुणाला न कळवता घरी निघाले. वस्तीवर पोचले तेव्हा दिवेलागण होत होती, गोठ्यातला बल्ब लागला होता. ठकीपाशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, डोक्यावरून माझी पिवळी ओढणी घेऊन. आई असणार. पण आई तर अंगणातून तोंडावर बोट ठेवून माझ्याकडं येत होती. मग गोठ्यातून आवाज आला, हळू, लाडीगोडीचा.

"हुमरस... रेडिस... आलना. उभी ऱ्हा गं बाई. फ्यामर... टिबिया..."

आमचे तात्या. कारखान्याचे सभासद, भरघोस मिशीचे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून बोलले की लोक खुर्च्या सावरून बसतात असे. त्यांनी ओढणीचं टोक हनुवटीखालून नीट खोचलं होतं. आणि ठकी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती.

"जुनी रीत हाय," आई माझ्या कानात म्हणाली. "माझ्या आजोळी म्हस हुती. मामी म्हायेरी गेली की मामा तिचं लुगडं नेसून धार काढायचा. पर हिला नुसत्या ओढणीनं भागंना. मग ह्यांनीच काय काय आठवून बोलायला सुरवात केली." आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि माझं स्वतःचंही कळलं नाही.

तात्यांनी मला पाहिलं. दुसरा कुणी असता तर दचकून ओढणी फेकली असती. तात्या हलले नाहीत. "आवाज करू नगं," म्हणाले, "पान्हा चोरंल ती." शेवटची धार काढून, बादली बाजूला ठेवून, मग त्यांनी ओढणी काढली, घडी घातली आणि खुंटीला लावली. म्हणाले, "आता जायाचं बघ."

"गाव हसंल, तात्या."

"गाव धार काढाया येणार हाय का?"

पुढचं सगळं रेश्मानं शेंगा फोडत आखलं होतं तसंच झालं. पास झाले, रजिस्ट्रेशन झालं, परीक्षा झाली, पुण्याला नंबर लागला. रेश्मा बारामतीतच नोकरीला लागली, झकास आहे, आता हॉस्पिटलमधल्या सगळ्यांचं आखून देते. गाव हसलं, नाही असं नाही. दूध घालायला डेअरीवर गेलं की काही दिवस तात्यांना "काय सिस्टर" म्हणून हाक मारायचे. तात्या ओ द्यायचे.

आता माझं पोस्ट बेसिकचं दुसरं वर्ष चालू आहे. मधल्या सुट्ट्या परीक्षांनी आणि ड्यूट्यांनी खाल्ल्या, कधी आले तर ठकी गाभण म्हणून तिचं दूध आटवलेलं, कधी मी सकाळी येऊन संध्याकाळी परत. ह्या वेळी मात्र चांगली सवड काढून आलेय. उसाला तोड आलीय, अंगणात वाढ्यांचा ढीग पडलाय, त्याचा हिरवा ओला वास दारातूनच आला. पोचल्या पोचल्या मी हात धुतले, पायजमा खोचला आणि म्हणाले, "आज धार मी काढणार."

ठकीनं माझा हात हुंगला. मग खांदा हुंगला. आणि पाय उचलला.

"दुभत्या गाईच्या लाथा गोड," आई दारातून म्हणाली.

मला काही ती गोड वाटली नाही. माझ्या अंगाला हॉस्पिटलच्या साबणाचा वास येत असणार, बसचा, पुण्याचा. मी तिच्या कपाळावर हात फिरवला, तिनं मान काढून घेतली. एवढं वाईट मला कुठल्या परीक्षेच्या निकालानं वाटलेलं नाही. तात्या काही न बोलता उठले, खुंटीवरची ओढणी काढली आणि माझ्याकडं दिली. धुऊन धुऊन तिचा पिवळा रंग ताकासारखा झालाय. मी ती डोक्यावरून घेतली. ओढणी माझीच, पण तिला वास होता तंबाखूचा, घामाचा, वाढ्यांचा. तात्यांचा. ठकी जरा थंडावली, तिनं मला बसू दिलं. मी सुरू केलं, "ह्युमरस, रेडियस, अल्ना..."

ढिम्म. एक थेंब नाही.

"हाडं कवाच बंद झाली," आई म्हणाली. "आता येगळंच सांगत्यात तिला."

"काय सांगता तात्या?"

"मी जरा फडाकडं जाऊन येतो," तात्या म्हणाले, आणि गेलेसुद्धा. फडात त्या वेळी कुणीही नव्हतं, टोळी केव्हाच परतली होती.

आईनं ते जाईपर्यंत वाट पाहिली. "तुझंच सांगत्यात," ती म्हणाली. "पोरगी काय करतीया, जेवली का, परीक्षा कवा हाय. सकाळ-संध्याकाळ, तू गेल्यापासनं."

मी ठकीच्या पोटाला कपाळ टेकलं. आत तिचं रवंथ गडगडत होतं. बाहेर रस्त्यावरून ट्रॉल्या चालल्या होत्या, गाणं लांब लांब जात होतं. मी आवाज खाली नेला, तात्यांचा असतो तेवढा, आणि त्यांच्यासारखंच म्हणाले, "पोरगी पुन्यात हाय. बरी हाय. जेवतीया येळंवर. थोडंच राह्यलंय आता, मग मास्तरीण हुईल."

ठकीनं लांब श्वास सोडला आणि पहिली धार बादलीच्या पत्र्यावर वाजली. बादली अर्धी झाली तरी मी थांबले नाही. पोरीबद्दल सांगण्यासारखं बरंच होतं.